दूरध्वनीच्या दरवाढीला कारण विचारणार कोण?

२७ जून २०२४ रोजी देशातील सर्वांत मोठ्या दूरध्वनी कंपनीने दरवाढ जाहीर केली. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीने तिचा कित्ता गिरवला आणि त्याच दिवशी तिसरीही त्यांच्या पंक्तीला येऊन बसली. जुलैच्या ३ आणि ४ तारखांपासून नवे दर लागू झाले. वाढ कोठे दहा टक्के होती, कोठे वीस, तर काही योजनांत पंचवीस टक्के. शंभर कोटींहून अधिक जोडण्यांशी संबंधित असा हा निर्णय केवळ तीन प्रसिद्धिपत्रकांनी झाला. त्यासाठी कोणापुढे अर्ज करावा लागला नाही, खर्चाचा हिशेब मांडावा लागला नाही, हरकती मागवाव्या लागल्या नाहीत. विरोधी पक्षाने टीका केली तेव्हा केंद्रीय दूरसंचार खात्याने खुलासा केला की, दर बाजारातील मागणी-पुरवठ्यानुसार ठरतात आणि नियामक प्राधिकरणाच्या चौकटीत राहून ते ठरविण्याची कंपन्यांना मोकळीक आहे. खुलासा नियमाला धरून होता. आक्षेप घ्यायचाच तर तो खुलाशावर नव्हे, त्यामागील व्यवस्थेवर घ्यावा लागेल.

त्याच ग्राहकाच्या घरातील विजेचे उदाहरण घेतले म्हणजे ही व्यवस्था किती निराळी आहे हे ध्यानात येते. महाराष्ट्रात विजेचा दर युनिटमागे काही पैशांनी वाढवायचा झाला तरी वितरण कंपनीला राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तिचा गोषवारा वृत्तपत्रांत प्रसिद्ध करणे, सूचना व हरकती मागविणे आणि एकशेवीस दिवसांत निर्णय देणे बंधनकारक आहे. पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा ठिकाणी जाहीर सुनावण्या होतात. यंत्रमागधारक, शेतकरी, ग्राहक संघटना आकडे घेऊन उभ्या राहतात. कंपनीच्या अधिकाऱ्यांना वीजगळतीबद्दल उत्तरे द्यावी लागतात. या सुनावण्यांनंतरही वीज स्वस्त होते असे नाही. परंतु वाढीचे कारण छापील स्वरूपात उपलब्ध असते, मागितलेल्या वाढीतील किती मान्य झाली व किती फेटाळली गेली हे आदेशात लिहिलेले असते आणि त्या आदेशावर दाद मागता येते. दूरध्वनीच्या बाबतीत यांपैकी एकही पायरी शिल्लक नाही. हे असे का झाले, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांत पहिली दूरध्वनी केंद्रे २८ जानेवारी १८८२ रोजी सुरू झाली, तीही एका खाजगी कंपनीच्या हाताने. १८८५ च्या तार कायद्याने या क्षेत्राचा सर्वाधिकार सरकारकडे आला आणि १९४३ मध्ये या मोठ्या शहरांतील यंत्रणाही सरकारने ताब्यात घेतली. तेव्हापासून पुढची पन्नास वर्षे दूरध्वनीचे भाडे किती आणि कॉलचा आकार किती हे सरकारी अधिसूचनेने ठरत असे. सेवा देणारा आणि दर ठरविणारा एकच होता. या काळातील गैरसोयींची आठवण ज्यांना आहे त्यांना तिच्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळावे लागे आणि परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून दिवसभर घर सोडता येत नसे. मात्र एक गोष्ट होती. दरवाढ झाली की लोकसभेत प्रश्न विचारता येई आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागे. ते उत्तर समाधानकारक नसे, पण ते देण्याचे दायित्व कोणाकडे आहे याविषयी संदिग्धता नव्हती.

सरकारी दररचनेत एक अर्थशास्त्रीय दोष मात्र खोलवर रुजलेला होता. स्थानिक कॉल आणि मासिक भाडे खर्चापेक्षा कमी ठेवायचे आणि त्याची भरपाई परगावच्या व परदेशच्या कॉलमधून करायची, असे ते गणित होते. वरवर पाहता ही रचना गरिबांना अनुकूल वाटते. वस्तुतः त्या काळी दूरध्वनी घरी असणे हेच सुस्थितीचे लक्षण होते, आणि परगावी नोकरीस असलेला मुलगा महिन्यातून एकदा एसटीडी केंद्रावरून घरी फोन करी तेव्हा तो शहरातील एखाद्या बंगल्यातील स्थानिक गप्पांचा खर्च उचलत असे.

हा दोष दूर करण्याचे काम १९९७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, हाती घेतले. कायद्याच्या अकराव्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाने दूरसंचार सेवांचे दर राजपत्रातून अधिसूचित करण्याचा अधिकार प्राधिकरणाला दिला आहे, आणि तोही तार कायद्यात काहीही म्हटले असले तरी. निरनिराळ्या वर्गांसाठी निरनिराळे दर ठरविता येतात. तसे केल्यास कारणे नमूद करावी लागतात. या अधिकारान्वये मार्च १९९९ मध्ये पहिला मोठा दर-आदेश निघाला. परगावच्या कॉलचे दर टप्प्याटप्प्याने खाली आणायचे आणि स्थानिक सेवेचे भाडे खर्चाच्या जवळ न्यायचे, असे त्याचे सूत्र होते. आदेशापूर्वी चर्चापत्र निघाले आणि आदेशासोबत स्पष्टीकरणाचे दीर्घ निवेदन जोडले गेले. स्थानिक दर वाढणार म्हणून संसदेत व बाहेर बरीच टीका झाली. ती टीका करता आली याचे कारण हेच की, टीका करण्याजोगे काहीतरी लेखी स्वरूपात समोर होते. त्याच वर्षी प्राधिकरणाने भ्रमणध्वनीवर येणाऱ्या कॉलचा खर्च कॉल करणाऱ्याने सोसावा असे ठरविले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २००० मध्ये तो निर्णय रद्द केला. नियामकावरही अंकुश होता.

पुढे चित्र पालटले. भ्रमणध्वनी देशात १९९५ साली आला तेव्हा गर्दीच्या वेळी मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत आकार घेण्याची मुभा होती, आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. स्पर्धक वाढले तसे दर प्राधिकरणाच्या कमाल मर्यादेच्याही खाली घसरू लागले. जेथे बाजारच मर्यादेच्या खाली विकतो तेथे मर्यादा घालण्यात अर्थ उरत नाही. म्हणून २००२ पासून भ्रमणध्वनीच्या दरांबाबत प्राधिकरणाने ‘दर-संयम’ पत्करला. अधिकार सोडायचा नाही, पण वापरायचाही नाही, असा या शब्दाचा अर्थ. दर लागू केल्यावर सात कामकाजी दिवसांत कंपनीने तो प्राधिकरणाला कळवावा, एवढीच अट राहिली. मे २००३ पासून आलेले कॉल मोफत झाले, २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा असा आकार घेणारी कंपनी आली, आणि एकेका दूरसंचार परिमंडळात दहा-बारा कंपन्या ग्राहकाच्या मागे लागल्या. भाजीविक्रेत्यापासून बांधकामावरील मजुरापर्यंत प्रत्येकाच्या हाती फोन आला तो या काळात. दर-संयमाचे हे यश मान्य केलेच पाहिजे. ते नाकारून नियंत्रणाची भाषा बोलणाऱ्याचे म्हणणे कोणी ऐकूनही घेणार नाही.

परंतु संयमाचे समर्थन स्पर्धेवर उभे होते, आणि ती स्पर्धा उरली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये एका नव्या कंपनीने काही महिने सारे काही मोफत देऊन बाजारात प्रवेश केला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्या कंपन्या बंद पडल्या, विकल्या गेल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. ऑगस्ट २०१८ अखेर व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्यावर मैदानात तीन खाजगी कंपन्या आणि सरकारी भारत संचार निगम एवढेच राहिले. २०२४ मध्ये पहिल्या दोन कंपन्यांकडे मिळून भ्रमणध्वनीच्या सत्तर टक्क्यांहून अधिक जोडण्या होत्या आणि तिसरी कर्जाखाली वाकलेली होती. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात ज्याला अल्पाधिकार म्हणतात तो याहून वेगळा नसतो. अशा बाजारात विक्रेत्यांनी संगनमत करण्याची गरजही पडत नाही. एकाने दर वाढविले की दुसऱ्याने ते खाली ठेवून ग्राहक ओढण्यापेक्षा स्वतःही वाढविणे दोघांनाही अधिक लाभाचे असते, आणि हे दोघांनाही कळते. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळी दरवाढ काही दिवसांच्या अंतराने एकापाठोपाठ एक झाली.

ग्राहकाला दुसरीकडे जाता येते, असे यावर उत्तर दिले जाते. २०२४ मध्ये ते उत्तर पडताळून पाहण्याची संधीच मिळाली. सरकारी निगमने दर वाढविले नव्हते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत निगमच्या ग्राहकांत लाखांनी भर पडली आणि खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले. नोव्हेंबरात मात्र निगमचे ग्राहक पुन्हा कमी झाले. स्वस्त सेवा हवी असणारे लोक होते. पण चौथ्या पिढीचे जाळे पुरेसे उभे न राहिलेल्या निगमकडे त्यांना थांबविण्याचे साधन नव्हते. दार उघडे असूनही बाहेर पाय ठेवायला जमीन नसेल, तर त्याला निवड कसे म्हणायचे?

या साऱ्याचा खरा भार कोणावर पडला हे पाहायचे तर महागड्या योजनांकडे नव्हे, सर्वांत स्वस्त योजनेकडे पाहावे लागते. २००५-०६ च्या सुमारास कंपन्यांनी ‘आजीवन’ योजना विकल्या. हजार रुपयांच्या आत एकदा भरले की आलेले कॉल कायमचे मोफत, असे आश्वासन होते. २०१८ च्या अखेरीस नुसता क्रमांक चालू ठेवण्यासाठी दर २८ दिवसांनी ३५ रुपये भरण्याची सक्ती सुरू झाली. खात्यात शिल्लक असलेल्या ग्राहकांची सेवा लगेच तोडू नका, असे तेव्हा प्राधिकरणाला बजवावे लागले. त्यानंतर दुसऱ्या क्रमांकाच्या कंपनीची ही किमान रक्कम २०२१ मध्ये आधी ७९ आणि मग ९९ रुपये झाली, २०२३ च्या पूर्वार्धापर्यंत ती १५५ वर गेली (आणि तीही केवळ २४ दिवसांसाठी), तर जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांच्या योजनेला १९९ रुपये पडू लागले. ३५ रुपयांत मिळणाऱ्या आणि १९९ रुपयांत मिळणाऱ्या गोष्टी सारख्या नाहीत, हे कंपन्यांचे म्हणणे खरे आहे. आता अमर्याद बोलता येते, इंटरनेटही मिळते. परंतु ज्याला यांतील काहीच नको, ज्याला केवळ बँकेचा सांकेतिक क्रमांक आणि गावाकडून येणारा फोन हवा आहे, त्यालाही सगळे ताट घ्यावे लागते. निव्वळ पोळी-भाजी मागण्याची सोय नाही.

या २८ दिवसांचाही हिशेब मांडलाच पाहिजे. वर्षात असे तेरा ‘महिने’ बसतात. पंचांगात अधिक महिना सुमारे तीन वर्षांनी एकदा येतो. दूरध्वनी कंपन्यांनी तो दरसाल आणला, आणि ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीला नवा दाखला मिळाला. प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये, तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारी किमान एकेक योजना ठेवण्याचे बंधन घातले. त्या योजनांची किंमत किती असावी याबद्दल मात्र त्या आदेशात काही नव्हते. १९९ रुपयांप्रमाणे तेरा वेळा म्हणजे वर्षाला २,५८७ रुपये. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरविण्यात आले. तेवढ्यावर जगणाऱ्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराने ही किमान योजना घेतली, तर त्याच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग फोन जिवंत ठेवण्यातच जातो. आणि फोन जिवंत नसेल तर निवृत्तिवेतन जमा झाल्याचा संदेशही येत नाही. गॅसची नोंदणी, बँकेचे व्यवहार, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट या सर्वांना शासनाने आणि बँकांनी भ्रमणध्वनी क्रमांकाची अट घातली आहे. जी वस्तू बाळगणे जवळजवळ सक्तीचे आहे तिची किंमत मात्र ऐच्छिक वस्तूसारखी ठरते, ही विसंगती या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

कंपन्यांची बाजू नाही असे नाही. २०२२ च्या लिलावात ध्वनिलहरींसाठी सर्व कंपन्यांनी मिळून सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लावल्या. मनोरे, यंत्रे, तारा यांवरचा खर्च वेगळा. भारतातील इंटरनेट जगातील सर्वांत स्वस्त दरांपैकी आहे, हेही खरे. २०२४ च्या दरवाढीच्या वेळी एका कंपनीने म्हटले की, व्यवसाय आर्थिकदृष्ट्या निकोप राहण्यासाठी ग्राहकामागे सरासरी मासिक उत्पन्न ३०० रुपयांवर असले पाहिजे. हे विधान कदाचित योग्यही असेल. पण ते उद्दिष्ट झाले, हिशेब नव्हे. तीनशेच का, दोनशे साठ का नाही? घसारा किती धरला, भांडवलावर परतावा किती गृहीत आहे, आणि हे तीनशे रुपये जास्त वापर करणाऱ्यांकडून यायचे की केवळ क्रमांक राखणाऱ्यांकडून? वीज कंपनीने असे विधान आयोगापुढे केले असते तर सुनावणी तेथून सुरू झाली असती. दूरध्वनीच्या बाबतीत ती तेथेच संपली.

गमतीची गोष्ट अशी की, दर घसरत होते तेव्हा बाजाराच्या स्वातंत्र्याचा हा आग्रह नव्हता. त्या वेळी प्राधिकरणाने किमान दर ठरवून द्यावा अशी मागणी कंपन्यांकडूनच झाली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यावर चर्चापत्रही निघाले. त्याआधी फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्पर्धकाला संपविण्यासाठी अतिस्वस्त दर ठेवणाऱ्यास दंड करण्याचा आदेश प्राधिकरणाने काढला होता. दूरसंचार न्यायाधिकरणाने तो त्याच वर्षी डिसेंबरात रद्द ठरविला. दर फार खाली गेल्यावर नियमन आठवते आणि वर जाऊ लागले की बाजार आठवतो.

सरकारही या प्रकरणात त्रयस्थ नाही. कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या आठ टक्के रक्कम अनुज्ञप्ती शुल्क म्हणून तिजोरीत जाते; दरवाढीच्या प्रत्येक रुपयात सरकारचे आठ पैसे असतात. ध्वनिलहरी तेच विकते. निगम त्याच्याच मालकीचा आहे. ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ज्या थकबाकीचा बोजा वाढला, तिच्यासह कंपनीकडील देणी पुढे भागभांडवलात रूपांतरित होत गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये तिसऱ्या क्रमांकाच्या खाजगी कंपनीतील सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या जवळ पोहोचला. दर वाढल्याने ज्याची थकबाकी सुरक्षित होते त्यानेच दरांच्या बाबतीत तटस्थ असल्याचे सांगावे, हे पटणारे नाही. अशा स्थितीत कायद्याने दिलेला स्वतंत्र नियामक हाच ग्राहकाचा एकमेव आधार ठरतो.

तेव्हा प्राधिकरणाने सर्व दर पुन्हा आपल्या हाती घ्यावेत काय? तसे करण्याची गरज नाही आणि ते हितावहही होणार नाही. अमेरिकेत राज्याराज्यांच्या आयोगांनी स्थानिक दूरध्वनीचे दर भांडवलावरील परताव्याच्या हिशेबाने ठरविण्याची पद्धत दीर्घकाळ चालविली. परतावा भांडवलाच्या प्रमाणात मिळणार म्हटल्यावर कंपन्यांचा कल अनावश्यक भांडवल गुंतविण्याकडे होतो, हे ॲव्हर्च आणि जॉन्सन या अर्थतज्ज्ञांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. ब्रिटनने १९८४ मध्ये ब्रिटिश टेलिकॉम विकताना स्टीफन लिटलचाइल्ड यांनी सुचविलेला निराळा मार्ग धरला. एका ठरावीक सेवासमूहाचे दर किरकोळ किंमत निर्देशांकाच्या वाढीतून तीन टक्के वजा करून जो आकडा येईल त्याहून अधिक वाढवायचे नाहीत, एवढीच मर्यादा. खर्च कमी करून जो नफा मिळेल तो कंपनीचा. पुढे १९९३ पर्यंत हे तीन टक्के वाढत वाढत साडेसातवर गेले.

हीच मर्यादा केवळ एका योजनेला लावणे शक्य आहे. बोलणे आणि संदेश एवढेच देणारी, तीस दिवसांची, प्रत्येक कंपनीने ठेवलीच पाहिजे अशी एक मूळ योजना. तिची वाढ निर्देशांकाशी बांधलेली. आणि त्याहून अधिक वाढ हवी असेल तर खर्चाच्या ताळेबंदासह अर्ज व सुनावणी. बाकी साऱ्या योजना कंपन्यांनी हव्या तशा विकाव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही. अकरावे कलम आहे तसेच आहे, आणि राष्ट्रीय रोमिंगच्या दरांवर प्राधिकरणाने याच अधिकारात कमाल मर्यादा घातलेली आहे. संयम म्हणजे अधिकाराचा त्याग नव्हे.

प्राधिकरणाने अर्धे पाऊल उचललेही. डिसेंबर २०२४ मध्ये त्याने इंटरनेटविना, केवळ बोलणे व संदेश यांच्या स्वतंत्र योजना ठेवण्याचा नियम केला. किंमत मात्र पुन्हा कंपन्यांवर सोपविली. त्याचा परिणाम महिन्याभरातच दिसला. जानेवारी २०२५ मध्ये एका मोठ्या कंपनीने अशा योजना ८४ दिवसांसाठी ४९९ आणि वर्षासाठी १,९५९ रुपयांना आणल्या. यापूर्वी इंटरनेटसह याच मुदतींना ५०९ आणि १,९९९ रुपये पडत होते. म्हणजे वर्षाचे इंटरनेट काढून घेतल्याबद्दल ग्राहकाला सूट मिळाली ती चाळीस रुपयांची! आरडाओरड झाल्यावर आणि प्राधिकरणाने या किमती तपासू असे म्हटल्यावर काही दिवसांतच त्या ४६९ आणि १,८४९ वर आल्या. सर्वांत मोठ्या कंपनीनेही आपल्या किमती उतरविल्या. नुसत्या विचारणेने वर्षाला शंभर-सव्वाशे रुपये कमी होत असतील, तर रीतसर सुनावणीने काय होईल याचा अंदाज करता येतो. तरीही यात एक खोच राहिलीच. वर्षाचे १,८४९ रुपये एकदम भरणाऱ्याला दिवसाला पाच रुपये सात पैसे पडतात, आणि २८ दिवसांचे १९९ भरणाऱ्याला सात रुपये अकरा पैसे. ज्याच्या हाती एका वेळी दोनशे रुपयेच येतात त्याच्यासाठी या नव्या नियमाने काहीच केले नाही.

सुनावणी घ्यायची झाल्यास ती दिल्लीतील सभागृहात आणि इंग्रजी चर्चापत्रावर घेऊन भागणार नाही. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे एक परिमंडळ आहे, तर उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. देशात अशी बावीस परिमंडळे आहेत. प्रत्येक परिमंडळात, तेथील भाषेत काढलेल्या जाहीर नोटिशीने, दर लागू होण्यापूर्वी किमान तीस दिवस आधी हरकती मागविणे राज्य वीज आयोगांना जमते तसे ट्रायलाही जमण्यासारखे आहे. सात दिवसांत कळविण्याचा जो नियम आहे त्यातील ‘नंतर’ हा शब्द खोडून तेथे ‘आधी’ लिहिणे, एवढ्यापासूनही सुरुवात करता येईल.